गुलमोहराच्या बुंध्याला हे काय आलंय? काढून टाकू का?

कारेलीबागवाली: नमस्कार मंडळी, आमच्या इथे बडोद्याला फाटकाशी जुना गुलमोहर आहे, त्याच्या बुंध्याला जमिनीपासून वीतभर वर पंख्यासारखं काहीतरी आलंय, वरून लालसर तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखं चकचकीत आणि कडेला पिवळट पांढरा काठ. पाऊस सुरू झाला तेव्हा बटणाएवढं होतं, आता पंजाएवढं झालंय. शेजारच्या बेन म्हणतात बिलाडीनो टोप आहे, म्हणजे आपली कुत्र्याची छत्री, तोडून टाका. सासूबाईंचं म्हणणं कुत्र्याची छत्री एवढी टणक नसते, ही तर नखाने दाबली तरी दबत नाही. मला तर बघायला फार छान वाटतंय.

रानवाटा: ताई, वर्णनावरून गॅनोडर्मा वाटतेय, लाकडावर येणारी अळंबी. खाली वाकून पोटाकडची बाजू बघा, छत्रीसारख्या पापुद्र्यांच्या रेघा नसतील, टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील, काडीने ओरखडा काढला तर पांढऱ्यावर तपकिरी रेघ उमटते. आसपासच्या पानांवर कोकोसारखी पूड पडली असेल तर ते तिचे बीजाणू, त्या भोकांतूनच गळतात, म्हणून भोकं कायम जमिनीकडे तोंड करून असतात. झाड आडवं पडलं ना तरी त्यावर नवी येणारी अळंबी परत जमिनीकडेच तोंड करते, मला याचं दर वेळी नवल वाटतं!

मांजलपूर: सुंदर आहेच पण तोडून काही होत नाही, ते नुसतं फळ आहे, खरी बुरशी आत लाकडात धाग्यांनी पसरलेली असते आणि लाकडाला ताठपणा देणारं लिग्निनसुद्धा खाते. आमच्या सोसायटीत गुलमोहराला अशीच आली होती, दोन पावसाळे मी कौतुकाने फोटो काढत बसलो, मग जुलैत एका रात्री झाड स्कूटरांवर आलं, वर सगळी पानं हिरवीगार आणि मुळं बघितली तर भिजलेल्या पावासारखी, बोटाने तुटत होती. फाटकाशी आहे म्हणताय, माणसं ये-जा करणार, तेव्हा झाडाची पारख असलेल्या कुणाला तरी लवकर दाखवा. तोवर खाली गाडी लावू नका.

आजोळ: कुणी रेशी, म्हणजे औषधी म्हणून विकतात ती अळंबी, समजून काढा करायला सांगितलं तर करू नका हं, त्याच जातकुळीतली असली तरी दिसायला सारख्या बऱ्याच असतात.

कारेलीबागवाली: सगळ्यांचे आभार. आत्ताच भिंग घेऊन बघून आले, भोकं आहेत, पूडही आहे, फरशीवर बोट फिरवलं तर तपकिरी झालं. गाडी हलवली, उद्या एक माळीकाका येतायत बुंधा ठोकून बघायला. आणि एक सांगायचं राहिलं, गवताचं एक पातं तिच्यातून आरपार गेलंय, कुठे चीर नाही की काही नाही, वाढता वाढता तिने त्याला अलगद आत घेतलंय आणि पातं अजून हिरवं आहे. सासूबाईंनाही खाली बसवून दाखवलं.