सस्टेनेबिलिटी हब : रंगरंगोटीला पैसे आहेत, माणसाला नाहीत

हिशेबी
'हिरवाई' यांच्या लेखावर प्रतिसाद लिहायला घेतला, तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढला. सस्टेनेबिलिटी हब काढण्याबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : परिसरात एक खोली मिळवा, तिथे दुरुस्तीचं टेबल, अवजारांची देवघेव आणि कंपोस्टचे पिंप मांडा, एकरकमी अनुदान घ्या, "पुढचं लोक आपणहून सांभाळतात".

कोण लोक? मी अशा एका केंद्राचे हिशेब बघायचो. अनुदानात फर्निचर बसतं, फलक बसतो, उद्घाटनाचे फोटोही बसतात. रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाचं मानधन मात्र 'आवर्ती खर्च', म्हणून नामंजूर. मग देवघेवीच्या वहीत ड्रिल 'परत आले' अशी नोंद, आणि त्याचं पातं धरणारा चक आवळायची चावी गायब. तसंच ते पुढच्याला दिलं, तो वैतागून परत घेऊन आला, आणि ड्रिल कपाटात गेलं ते गेलंच. मशीन उत्तम होतं हो, परत घेताना पेटी उघडून बघणारं कोणी नव्हतं. भिंतींवरचा खर्च निम्मा करा आणि निदान तीन वर्षं एका अर्धवेळ माणसाचा पगार द्या. ते जमत नसेल तर केंद्र काढूच नका.

हिरवाई
"काढूच नका" हे झकास. म्हणजे पगाराची सोय होईपर्यंत सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. मार्टिने पोस्टमा यांनी २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिलं रिपेअर कॅफे, म्हणजे बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करायचा मेळावा, भरवलं, तेव्हा आधी पगारपत्रक छापलं होतं का? आज जगभरात अशी हजारो कॅफे स्वयंसेवकांवर चालतात. इंग्लंडमधल्या टॉटनेस गावची ट्रान्झिशन चळवळ (तेलावरचं अवलंबन कमी करून स्थानिक पातळीवर भागवण्याची) २००६ ची, तीही लोकांनीच उभी केली. आणि खरं सांगू? पगारी माणूस आला की बाकीचे अंग काढून घेतात. "त्याला पैसे मिळतात ना, तो करेल." हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हिशेबी
रिपेअर कॅफे बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, काही तास भरतं. तेवढं स्वयंसेवकांना झेपतं, मी कुठे नाही म्हणतोय? रोज उघडं राहणारं केंद्र ही वेगळी गोष्ट आहे. आणि त्याच पोस्टमाबाईंना पुढे सगळं सांभाळायला संस्था काढावी लागली, ते सोयीस्करपणे गाळलंत.

सोल्डरकाका
त्या हजारो स्वयंसेवकांपैकी मी एक, म्हणून बोलतो. वस्तूच्या मालकाने शेजारी बसून दुरुस्ती बघायची, शिकायची, हा मूळ नियम. प्रत्यक्षात लोक इस्त्री टेबलावर आपटून "तासाभराने येतो" म्हणून पसार. फुकट दुकान समजतात. एकदा एका उत्साही मुलाने मायक्रोवेव्हचं कव्हर उघडलं, म्हणे "प्लग काढलाय ना काका!" अरे, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो, माणूस जातो त्याने. ओरडून हात मागे घ्यायला लावला. त्या दिवशी काही झालं असतं तर जबाबदार कोण? विम्याचं नाव दोघांच्याही लेखात नाही.

आणि मुळात कंपन्या बॅटऱ्या डिंकाने चिकटवतात त्याबद्दल कोणी का बोलत नाही? फ्रान्सने २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापायला लावले. तसं सगळीकडे करा, मग टेबलं मांडा.

तळमजला
तुमचे पगार आणि बॅटऱ्या चालू द्या. माझ्या खिडकीखाली त्या 'हब'चे कंपोस्टचे पिंप आहेत, त्याचं काय? सडक्या अंड्यांचा वास. खिडकी उघडायची सोय नाही. तक्रार केली तर "ताई, निसर्गाचा वास आहे" असं उत्तर. निसर्गाला म्हणावं तुमच्या बेडरूमखाली ये.

हिरवाई
नीट केलेल्या कंपोस्टला वास येत नाही. काही लोकांना ओला कचरा दिसला तरी वास येतो.

तळमजला
काही लोकांना म्हणजे मला का? स्पष्ट बोला. या एकदा नाक घेऊन. लेख लिहिणारे वरच्या मजल्यावर राहतात, हे मला आता पक्कं कळलंय.

कुजकट_पण_खरं
दोघं थांबा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच आत हवा नाही, पाणी जास्त. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास असता तर नायट्रोजन जास्त, म्हणजे सुका माल कमी, असं म्हटलं असतं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं लागतं. नुसता स्वयंपाकघरातला कचरा त्याच्या खालीच राहतो. मूठभर माल घट्ट पिळा : एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर बिघडलंय. उपाय : सगळं उपसायचं, वाळलेली पानं किंवा भुसा मिसळायचा, तळाशी भोकं आहेत का बघायचं, आणि दर काही दिवसांनी खालीवर करायचं.

तळमजला
पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. पण हे खालीवर करणार कोण? सुरुवातीला एक आजोबा करायचे, ते मुलाकडे राहायला गेले. तेव्हापासून फक्त वरून ओतणं चालू आहे.

हिशेबी
हेच मी सुरुवातीच्या लेखात लिहिलंय!! कोणी वाचलंय का तो?

सोल्डरकाका
वाचला. पटला नव्हता. खताने पटवला, अभिनंदन. पण विमा राहिलाच.

हिरवाई
ठीक आहे, महाराज, ठेवा तुमचा अर्धवेळ माणूस. तीन वर्षांनी पैसे संपले की काय करायचं तेही सांगून टाका.

हिशेबी
सांगतो. अवजारांवर अनामत आणि वार्षिक वर्गणी. मोडतोड अनामतीतून, विमा आणि थोडाफार पगार वर्गणीतून. सगळा पगार त्यातून निघणार नाही हे मान्य; उरलेला स्थानिक प्रशासनाने द्यावा, कारण तेवढ्या ओल्या कचऱ्याची वाहतूक त्यांची वाचते. 'सगळं फुकट' हे तेवढं बंद करा.

हिरवाई
वर्गणी लावली की ज्यांना खरी गरज आहे तेच येईनासे होतात. त्यांना माफी देणार असाल तर मी गप्प बसते. तात्पुरती.

तळमजला
@कुजकट, शेजारी सुताराकडे भुशाची पोती पडलेली असतात. चालतील?

कुजकट_पण_खरं
प्लायवूडचा किंवा रंग-पॉलिश मारलेल्या लाकडाचा नको. साध्या लाकडाचा असेल तर चालेल, पण थोडा थोडा घाला. भुशात कार्बन फार, जास्त पडला तर ढीग थंड पडतो आणि महिनोन् महिने तसाच राहतो. आणि मिसळताना खिडकी बंद ठेवा, पहिल्या दिवशी वास वाढेल.