हॉलिवूडच्या आधीचा स्टुडिओ : ब्लॅक मारिया

अमेरिकन सिनेमाची सुरुवात हॉलिवूडपासून झाली असं बरेचदा म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालतो. हॉलिवूडमधला पहिला स्टुडिओ १९११ चा, पण त्याच्या १८ वर्षं आधी न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंजला एडिसनच्या लॅबच्या आवारात 'ब्लॅक मारिया' उभा होता. कैदी नेणाऱ्या पोलीस गाडीला तिकडे ब्लॅक मारिया म्हणायचे आणि ही शेडही तशीच काळी, कोंदट, म्हणून कामगारांनीच ते नाव पाडलं. खर्च ६३७ डॉलर ६७ सेंट!

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती उजेडाची सोय. बाहेरून सगळीकडे डांबरी कागद ठोकलेला, छताचा एक भाग वर उचलता यायचा आणि अख्खी इमारत गोल रुळावर बसवलेली, म्हणजे सूर्य सरकला की माणसं ढकलून स्टुडिओच उन्हाकडे वळवायची. कॅमेरा इतका अवजड की तो बाहेर नेणं अवघड, मग नाचणाऱ्या, पैलवान, सर्कसवाले सगळे तिथेच यायचे. जानेवारी १८९४ मध्ये तिथेच फ्रेड ऑट या एडिसनच्या मेकॅनिकची शिंक शूट झाली, जेमतेम पाच सेकंदांची, आणि सिनेमासाठी कॉपीराइटचा वेगळा कायदाच नव्हता म्हणून तिच्या फ्रेम्स कागदावर छापून फोटो म्हणून नोंदवल्या. त्यामुळेच ती आज बघायला मिळते.

आणि हो, श्रेय देताना एडिसनच्या लॅबमधल्या डब्ल्यू. के. एल. डिक्सनला विसरू नका, कॅमेऱ्याचं बरंचसं काम त्याचं आहे, नाव मात्र एडिसनचं झालं. १९०१ मध्ये न्यूयॉर्कला काचेच्या छताचा स्टुडिओ झाल्यावर ब्लॅक मारिया बंद पडला, १९०३ मध्ये पाडला. आता वेस्ट ऑरेंजला त्याची प्रतिकृती आहे.