तत्त्वज्ञानात एमए : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सेलूत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं तत्त्वज्ञानातच एमए करायचं म्हणतेय. कापूस वेचून आली की ओसरीवर कांट (जर्मन तत्त्वज्ञ) उघडून बसते. आईचं एकच, "बीएड कर बाई, पोटाचं बघ." (तेही अगदीच चूक नाही.)

पुणे विद्यापीठात विभाग जुना, पण खर्च झेपेल का? इकडं मराठवाड्यात कुठं चांगलं शिकवतात? पुढं प्राध्यापकीसाठी द्यावी लागणारी नेट परीक्षा, तिचा पेपर इंग्रजी-हिंदीत, हिचं सगळं वाचन मराठीत. वाडेकरांचा तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) आधाराला पुरतो, की कांट-ह्यूम आतापासूनच इंग्रजीत वाचायला लावू? ज्यांनी हा विषय घेऊन एमए केलंय त्यांनीच सांगा, बाकी सल्ले घरात भरपूर मिळतायत.