शनिवारी लेकाला पिचिंग करू दिलं नाही. माझं चुकलं का?

परसबाग

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरा वर्षांचा. एप्रिलपासून लिटल लीग खेळतोय आणि यंदा पहिल्यांदाच एका ट्रॅव्हल टीममध्येही आहे. लिटल लीग म्हणजे गावातल्या मुलांची बेसबॉल स्पर्धा, त्यात सगळ्यांना खेळायला मिळतं. ट्रॅव्हल टीममध्ये निवडून घेतात, भरपूर फी असते आणि शनिवार-रविवार गाडी काढून दुसऱ्या गावी जायचं. तो पिचर आहे. (क्रिकेटवाल्यांसाठी: इथे पिच म्हणजे खेळपट्टी नव्हे. पिचरने बॅटरला टाकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक पिच. आणि इनिंग म्हणजे मॅचचा एक छोटा टप्पा, त्यात दोन्ही टीम्स एकेकदा बॅटिंग करतात.)

मी प्रत्येक मॅचला वही घेऊन बसते. एका चेंडूला एक उभी रेघ, पाचवी आडवी. सुरुवातीला खेळ कळावा म्हणून लिहायचे. मग कळलं की या आकड्यांवर नियम आहेत. लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची मर्यादा ठेवली आहे. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५. त्यातही ५१ ते ६५ टाकले तर पुढचे तीन दिवस पिचिंग बंद, ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस.

गुरुवारी संध्याकाळी लीगच्या मॅचमध्ये त्याने ६२ टाकले. पन्नासच्या पुढे गेल्यावर दर चेंडूनंतर कोपर मांडीवर घासत होता. शुक्रवारी सकाळी बघते तर डाव्या हाताने दात घासतोय. उजवा आहे तो. विचारलं तर म्हणाला, "असंच."

शनिवारी ट्रॅव्हलवाल्यांची सेमीफायनल. लीगमध्ये टाकलेले चेंडू हे मोजत नाहीत आणि इथले चेंडू लीग मोजत नाही. दोन्हींची बेरीज फक्त माझ्या वहीत आहे. मॅचच्या दहा मिनिटं आधी कोच म्हणाले, आज सुरुवात हाच करणार. मी कुंपणापाशी गेले आणि सांगितलं की परवाच ६२ झालेत, आज तो टाकणार नाही. कोचने त्याला सेकंड बेसवर, म्हणजे फिल्डिंगला, उभं केलं. दुसऱ्या मुलाने पिचिंग केलं, चौथ्या इनिंगमध्ये सहा रन गेले आणि आम्ही हरलो.

लेक गाडीत रडला. घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाही. नवरा म्हणतो, कोचच्या कामात आपण पडायला नको होतं. दोन-तीन पालकांनी निघताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अजूनही वाटतं, मी बरोबर केलं. पण रात्री झोप लागली नाही हेही खरं.

शिवाजीपार्क_पश्चिम

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमचं चुकलं. मुलाला टीममध्ये घातलं की मैदानावर निर्णय कोचचा. आम्ही सुट्टीत सकाळी सातला नेटमध्ये जायचो ते ऊन उतरेपर्यंत बोलिंग टाकायचो. चेंडू कोण मोजतंय! टाकून टाकूनच खांदा तयार होतो. बेसबॉलचंच उदाहरण घ्या. जपानच्या मात्सुझाकाने १९९८ साली कोशिएनच्या शालेय स्पर्धेत एका मॅचमध्ये १७ इनिंग्ज, २५० चेंडू टाकले. दोन दिवसांनी फायनलमध्ये एकही हिट दिली नाही, म्हणजे समोरच्या एकाही बॅटरला फटका मारून बेस गाठू दिला नाही. पुढे अमेरिकेत बॉस्टनकडून खेळला. सेमीफायनलच्या दिवशी तुमच्या मुलाला स्वतःला अजमावायची संधी होती, ती गेली. सहा रन विसरेल तो, पण आईने सगळ्यांसमोर थांबवलं हे विसरणार नाही.

उत्तररात्र

नागोयात बारा वर्षं आहे, म्हणून मात्सुझाकाबद्दल लिहितो. ती मॅच इथे आजही लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, अकरा नव्हे. आणि २०११ साली त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, म्हणजे कोपरातला फाटलेला लिगामेंट बदलावा लागला. ती अडीचशे चेंडूंमुळेच झाली असं मी म्हणत नाही, पण ज्या देशात ती मॅच झाली त्या देशाने पुढे काय केलं ते बघा. २०२० पासून जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये एका पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे. कोशिएनसारख्या स्पर्धेला हे पटायला किती वर्षं लागली असतील!

मुरांबा

फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. माझ्याकडे टेनिस आणि क्रिकेट खेळणारी मुलं येतात, पण कोपर सगळ्यांचं सारखंच.

मोठ्या माणसाने हात अति वापरला तर आधी स्नायू आणि लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) कुरकुरतात. अकरा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाड जिथून वाढतं तिथे अजून कूर्चा असते. लिगामेंटपेक्षा ती नाजूक. जोरात फेकताना ताण नेमका तिथे येतो. वारंवार ओढ बसली की तिथे सूज येते, दुखतं, आणि तरीही फेकत राहिलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो. "टाकून टाकून खांदा तयार होतो" हे मोठ्यांना काही प्रमाणात लागू आहे. या वयात हाड अजून घडत असतं.

अमेरिकेतल्याच एका अभ्यासात ४८१ तरुण पिचर्सवर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षात शंभराहून जास्त इनिंग्ज टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. म्हणूनच एका नाही, दोन्ही टीम्सचे चेंडू मिळून हिशेब करावा लागतो, आणि परसबाग, तो तुम्ही केलात.

पण वादात पडू नका, आधी डॉक्टरकडे जा. डाव्या हाताने दात घासणं ही साधी गोष्ट नाही.

सांजवात

मी मधलं लिहिणार नाही, मलाही चुकलंच वाटतं, पण वेगळ्या कारणाने.

६२ चा आकडा तुम्हाला गुरुवारी रात्रीच माहीत होता. दात घासताना शुक्रवारी सकाळी पाहिलंत. मग कोचला शुक्रवारी दुपारी फोन का नाही केला? त्याला दुसऱ्या पिचरची तयारी करता आली असती. मुलाशी शुक्रवारी रात्री जेवताना बोलता आलं असतं. तुम्ही थांबलात, आणि मॅचला दहा मिनिटं असताना, सगळी टीम बघत असताना कुंपणावरून सांगितलंत. तो रडला तो पिचिंग मिळालं नाही म्हणून की मित्रांसमोर आईने त्याच्या वतीने नाही म्हटलं म्हणून, हे एकदा त्याला विचारा.

आणि दोन टीम्समध्ये घातलं कोणी? एका हाताला दोन कोच दिले की कोणीतरी कुंपणापाशी जाणारच.

कॅलिफोर्नियाचा_बाबा

सगळे परसबाग यांच्या मुलाबद्दल बोलताय. ज्याने सहा रन दिले तोही दहा-अकरा वर्षांचाच असेल ना? तयारी नसताना आयत्या वेळी माउंडवर, म्हणजे पिचरच्या जागी, उभं केलं त्याला. घरी जाताना तो काय विचार करत असेल? माझा मुलगा गेल्या वर्षी अगदी तसाच उभा होता, पुढचा महिनाभर त्याने ग्लोव्हला हात लावला नाही. सांजवात यांचा मुद्दा म्हणूनच पटतो. आदल्या दिवशी फोन केला असता तर त्या मुलालाही रात्रभर तरी मिळाली असती.

बाकी शिवाजीपार्क_पश्चिम यांना विनंती: "कोचचा निर्णय" म्हणताय, पण कोचला गुरुवारचे चेंडू माहीतच नव्हते. अर्धीच माहिती हातात असताना घेतलेला निर्णय तो.

परसबाग

सगळं वाचलं, दोनदा.

सांजवात, बरोबर आहे तुमचं. शुक्रवारी फोन करायला मला धीर झाला नाही. वाटलं, कोच दुसऱ्याच कोणाला देतील, विषयच निघणार नाही. माझ्या भित्रेपणाची किंमत दोन मुलांनी मोजली. दोन टीम्सचा निर्णयही आमचाच, नवऱ्याचा एकट्याचा नाही. जाहिरात बघून हुरळून मीच फॉर्म भरला होता.

त्या दुसऱ्या मुलाच्या आईला काल फोन केला. सुरुवातीला तुटक बोलली. मग म्हणाली, त्याने विचारलं, मी वाईट टाकलं का? मी तिला खरं काय घडलं ते सांगितलं, त्याच्याशीही बोलले.

आज डॉक्टरकडे जाऊन आलो. मोडतोड नाही, पण मुरांबा म्हणाल्या नेमकी त्याच जागी सूज आहे. चार आठवडे फेकायचं नाही. दोन्ही कोचना मी एकाच मेसेजमध्ये लिहिलं, गेल्या तीन आठवड्यांचे सगळे आकडे टाकून. ट्रॅव्हलच्या कोचचं लगेच उत्तर आलं की बाकीच्या मुलांचेही लीगचे आकडे ते आता पालकांकडून दर शुक्रवारी मागवतील.

शिवाजीपार्क_पश्चिम

लवकर बरा होवो. आकडे आधी कळवले पाहिजेत, हे मान्य. पण माझं एक म्हणणं मी सोडणार नाही. अकरा वर्षं म्हणजे काही लहान नाही. दुखत असेल तर तो स्वतः सांगेल. त्याला सांगू द्या, तुम्ही आधीच पुढे होऊ नका. तरच तो खेळाडू होईल.

परसबाग

दादा, डॉक्टरांनी आधी त्याला विचारलं होतं, कुठे दुखतं का? तो माझ्याकडे न बघता "नाही" म्हणाला. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवून हलकंसं दाबलं आणि तो टेबलावरून जवळजवळ खाली आला. बाहेर पडल्यावर गाडीत म्हणाला, "मला वाटलं, नाही म्हटलं तर शनिवारी खेळू देतील."