हॅरॉल्ड रॅमिसचा आवाज घोस्टबस्टर्स गेममध्ये आहे

घोस्टबस्टर्स म्हणजे भुतं पकडणाऱ्या चौघांचे सिनेमे. त्यांच्यावरचा २००९ चा व्हिडिओ गेम म्हणजे 'पहिल्या सिनेमाचीच उजळणी' असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मं पटलं. तेच सेजविक हॉटेल, तेच न्यूयॉर्कचं ग्रंथालय, तोच मार्शमॅलोचा राक्षस. पण खेळताना हातात जे येतं ते सिनेमा देऊच शकत नाही. तुमची तब्येत किती उरली, यंत्र किती तापलं, हे सगळं पाठीवरच्या प्रोटॉन पॅकच्या, म्हणजे भुतांवर किरण सोडणाऱ्या यंत्राच्या, दिव्यांवरच दिसतं, पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची गर्दी नाही. भूत किरणात अडकवायचं, भिंतीवर आपटून थकवायचं, सापळा फेकायचा आणि त्या उजेडाच्या शंकूत त्याला खेचत आणायचं. ते शेवटपर्यंत हिसडे देतं आणि तेवढ्यात पॅक तापून बंद पडायला येतो! पहिल्यांदा भूत आत गेलं आणि सापळ्याची झडप मिटली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बिल मरे, डॅन अ‍ॅक्रॉइड, अर्नी हडसन आणि हॅरॉल्ड रॅमिस, सिनेमातल्या या चारही मुख्य नटांनी गेममध्ये स्वतः आवाज दिलाय, आणि संहितेवर अ‍ॅक्रॉइड-रॅमिस या मूळ लेखकांचा हातही फिरलाय. रॅमिस २०१४ मध्ये गेले. म्हणजे १९८९ च्या दुसऱ्या भागानंतर हे चौघे आपापल्या भूमिकांत पुन्हा एकत्र भेटतात ते फक्त इथेच. माझ्यासाठी तिसरा भाग हाच. २०१९ ची सुधारित आवृत्ती मिळते, ती घ्या.