हत्तीण मदात येते का?

दांडियाबाजार: वडोदऱ्यातल्या मराठी मुलांसाठी हत्तींवरचा एक मजकूर मराठीत करतेय. हत्तीच्या डोळा नि कान यांच्या मध्ये एक ग्रंथी असते. आफ्रिकेत ताटातूट झालेला कळप पुन्हा भेटला की हत्तिणींच्याही कानशिलांवरून ओघळ येतात. मी ‘मद पाझरतो’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “मद नराचा. हत्तीण कधी मदात येते का?” काय लिहू?

गोठेवाला: ‘माजावर आली’ लिहा की.

दांडियाबाजार: अहो, माजावर गाय-म्हैस येते. या तर मावश्या-भाच्या भेटतायत!

मत्तमयूर: सासूबाईंचं खरं आहे. मद म्हणजे नुसता पाझर नव्हे, ती नराची अवस्था. टेस्टोस्टेरॉन कैक पटींनी वाढतं, लघवी ठिबकत राहते, दुसरे नर वाट सोडतात. आफ्रिकेत माद्यांचीही कानशिलं ओली दिसत, त्यामुळे तिथल्या नरांना वेगळा मद येतो हेच लक्षात येत नव्हतं. जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी ते केनियातल्या अंबोसेलीत पाहून १९८१ साली मांडलं. घोळ तुमच्याच शब्दाचा होता!
जाता जाता: कोवळ्या आशियाई नराच्या स्रावाला मधासारखा वास येतो. संस्कृत कवी गंडस्थळाभोवती भुंगे फिरवतात, ते उगीच नाही.

गोठेवाला: गंडस्थळ म्हणजे कपाळ ना?

मत्तमयूर: कपाळ नव्हे हो, गाल-कानशील.

पाणीगेटकर: आमचे आजोबा ‘हत्ती मस्तीत आलाय’ म्हणत. मद वगैरे कीर्तनात.

शुद्धमती: ‘मस्त’ फारसी आहे. मुलांना निदान ‘मदावस्था’ तरी शिकवा.

मत्तमयूर: फारसी ‘मस्त’ आणि आपलं ‘मत्त’ चुलतभाऊ आहेत, मूळ एकच. कोणाला घराबाहेर काढताय?

शुद्धमती: चुलतभाऊ म्हणून सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

पाणीगेटकर: आजोबा गायकवाडी साठमारीच्या गोष्टी सांगत. मस्तीतले हत्ती झुंजवायचे. आता हाथीखान्यात धान्याचा बाजार आणि साठमारी फक्त राजकारणाच्या बातम्यांत.

गोठेवाला: त्यातलं ‘साठ’ म्हणजे काय? साठ माणसं?

मत्तमयूर: माझा तर्क: जुन्या काव्यांत भर ताकदीच्या हत्तीला ‘षष्टिहायन’ म्हणतात, साठ वर्षांचा. त्यावरून असेल.

शुद्धमती: ओढूनताणून! मग सत्तरीच्या हत्तीची काय सत्तरमारी?

दांडियाबाजार: मंडळी, माझी हत्तीण? तूर्त ‘कानशिलं पाझरतात’ लिहितेय.

गोठेवाला: पाझरतात की पाझरतं? कानशील एकवचनी ना?