घरातले नियम आणि लहान मुलं: तुमच्या घरी काय चाललं ते लिहा

दोन ते सहा वर्षांची मुलं घरात आहेत किंवा होती अशा सगळ्यांनी लिहा. "नीट वाग", "शहाण्यासारखं कर" हे आपण दिवसभर म्हणतो, पण तीन वर्षांच्या पोराला नीट म्हणजे नक्की काय ते त्यातून कळत नाही. "ताट मोरीत नेऊन ठेव" हे कळतं. मला असे नियम हवेत, कोणत्या शब्दांत सांगितले, घरातल्या बाकीच्यांनी पाळले का, मूल रडलं तेव्हा काय केलं. कोरडे सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

चिंचवड, साडेतीन वर्षांच्या मुलीची आई
आमच्याकडे जेवताना यूट्यूब. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या मार्गदर्शनात या वयाला दिवसात १ तासाच्या वर स्क्रीन नको असं आहे, आमचा तास तर दोन जेवणांतच संपायचा. मग नियम एकच ठेवला, जेवताना कुणाचाच फोन पानाजवळ नाही, कुणाचाच म्हणजे बाबाचा पण नाही आणि आजोबांचं व्हॉट्सॅप पण नाही. सासूबाईंना वाटलं पोर उपाशी राहील, आणि सुरुवातीला खरंच दोन घास खाऊन उठायची, ताट ढकलायची, आधीपेक्षा जास्त रडायची. आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की सवय बंद केली की आधी हट्ट वाढतो, आणि त्या वेळी एकदा जरी फोन दिला तर मूल एवढंच शिकतं की अजून जोरात रडलं की मिळतो. हे सासूबाईंनी स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणून त्या ठाम राहिल्या, मी सांगून झालं नसतं. आता पानं घेतली की तीच सगळ्यांचे फोन गोळा करून कपाटावर ठेवते, पाहुण्यांकडेसुद्धा मागते.

पालघर जिल्हा, अंगणवाडी सेविका
"पळू नका" म्हटलं की थांबायचं, बसायचं की हळू जायचं ते पोरांना समजत नाही. मी म्हणते "भिंतीला हात लावत चला", लगेच चालतात. चपलांसाठी दाराशी खडूने पावलं काढलीत, त्यावर चपला जातात, ओरडावं लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुलाकडून काही हवं तर आधी जागा त्याच्या सोयीची करा, हे मी त्यांच्या कामातून घेतलं. आया म्हणतात ताई, तुमच्याकडे ऐकतो, घरी ऐकत नाही. घरी ग्लास वरच्या फळीवर, चपलांना जागा ठरलेली नाही, रोज वेगळं सांगणं, मग पोराने ऐकायचं तरी काय?

गोथेनबर्ग, स्वीडन
इथे मुलांना मारायला १९७९ पासून कायद्याने बंदी आहे, घरात आईवडिलांनाही. माझी आई राहायला आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, मग धाक कसला? हिवाळ्यात बाहेर पडायचं म्हणजे जाड पँट, जॅकेट, टोपी, मोजे, आणि मुलगा चार वर्षांचा, रोज सकाळी दारात रडारड. आता निघायच्या थोडं आधी सांगते "ही गाडी ठेवलीस की कपडे", मग विचारते "आधी पँट की आधी टोपी?" बाहेर जायचं की नाही हे विचारत नाही, ते ठरलेलंच असतं. मोठ्यांनी ठरवायचं आणि मुलाने ठरवायचं हे वेगळं केल्यावर भांडण खूप कमी झालं. आईसुद्धा आता व्हिडिओ कॉलवर माझ्या भाच्याला असंच विचारते.

सांगली, आजोबा
सूनबाई आणि मुलगा नोकरीला, नातू दिवसभर आमच्याकडे. बाजाराला निघताना उंबऱ्यातच सांगतो, आज मेथी, केळी, आणि तुझी एक वस्तू, दहा रुपयांची, कोणती ते तू ठरव. नोट त्याच्याच हातात. मध्येच दुसरं मागून रडायला लागला तर कट्ट्यावर पिशवी टेकवून शेजारी बसतो. रागवायचं नाही, समजावत पण बसायचं नाही, रडून झालं की पुढे. लोक म्हणतात द्या की हो आजोबा, लेकरू आहे. मी देत नाही. रविवारी आईबाबांबरोबर गेला तरी हाच नियम, हे सूनबाईंशी आधीच बोलून घेतलंय, नाहीतर माझं आठवडाभराचं सगळं पाण्यात.

नाशिक, ऑटिस्टिक मुलाची आई
तोंडी सांगितलेलं माझ्या मुलाला पकडता येत नाही. थेरपिस्टनी सुचवलं म्हणून घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, त्याचा ब्रश, त्याची बादली, डबा, बूट, आणि ओळीने दाराला लावले. एक काम झालं की तो फोटो उलटा करतो. सुट्टीच्या दिवशी डबा आणि बुटांचा फोटो मी तो उठायच्या आधीच काढून ठेवते, नाहीतर बूट घालून दारात उभा राहतो आणि मग त्याला फार त्रास होतो. नेटवरची कार्टून चित्रं आमच्याकडे चालली नाहीत, त्याला त्याचीच बादली दिसावी लागते. कुणाला करून बघायचं असेल तर विचारा, सकाळचा क्रम कसा लावलाय ते सविस्तर लिहीन.